जोडीदार ठेव

दत्तप्रसाद हुपरीकर यांनी आठ वर्षं खपून स्वतःच्या मरणाची तयारी केली, आणि तयारी पुरी झाली त्या महिन्यात त्यांची बायको वारली.

यात दत्तप्रसादांची बाजू थोडी समजून घ्यायला हवी. हुपरीकरांच्या घराण्यात पुरुषांना साठ वर्षं पुरी करायची सवय नव्हती. आजोबा चौपन्नाव्या वर्षी गेले, वडील सत्तावन्नाव्या, आणि धाकटे काका अठ्ठावन्नाव्या वर्षी एका बारशाच्या पंगतीत, जिलबीचं ताट चार माणसांवर आलेलं असताना. खुद्द दत्तप्रसादांच्या हृदयात बावन्नाव्या वर्षी दोन स्टेंट बसले. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ते अकाउंट्सला होते. असे आकडे समोर आल्यावर अकाउंट्सचा माणूस देवळात जात नाही, तक्ता काढतो. दवाखान्यातून घरी येताना रिक्षातच त्यांनी नंदिनीबाईंना सांगितलं, "माझ्याकडं फार तर आठ वर्षं आहेत."

"रिक्षावाल्याकडं सुट्टे हायत का ते बघा आधी," नंदिनीबाई म्हणाल्या.

नंदिनीबाई मुरगूडच्या. त्यांची आई एक्याण्णव वर्षांची होती आणि अजून स्वतःच्या दातांनी हरभरे फोडत होती. त्यावरून दत्तप्रसादांनी हिशेब मांडला, की नंदिनी अठ्ठ्याऐंशीपर्यंत जाणार. म्हणजे दोन हजार पंचावन्न साल. फाउंड्रीची पेन्शन महिना अडीच हजार. त्यात शाहूपुरीतल्या दोन खोल्यांचा संसार आठवडाभर चालला असता. तेव्हा पुढच्या तीस वर्षांसाठी, आपण नसताना, तिच्या हातात दर महिन्याला पैसे पडले पाहिजेत. तेही तिनं कुणापुढं हात न पसरता, लेकीच्या, भैरवीच्या सासरकडं न बघता. एवढं एकच काम आता आपलं राहिलंय, असं त्यांनी ठरवलं. आणि कामाला लागले.

त्यांची पद्धत अशी, की घरातल्या प्रत्येक खर्चाला त्याची त्याची गुंतवणूक नेमून द्यायची. लाइटबिल भरणारी एक ठेव. गॅस आणणारा एक म्युच्युअल फंड. दूध पोस्टाच्या व्याजावर. तक्त्यात एक ओळ 'नंदिनी – गुडघे' अशी होती आणि तिच्यासमोर एका वीज कंपनीचे शेअर होते, लाभांश बरा देणारे. मुद्दलाला कुणी कधी हात लावायचा नाही, हा पहिला नियम. दुसरा नियम नव्हता, कारण पहिला कळला की सगळं आलं असं दत्तप्रसादांचं मत होतं.

नंदिनीबाईंचं मत म्हशीकडं होतं.

"एक म्हैस घ्या," त्या म्हणायच्या. "दिवसातनं दोनदा व्याज देती."

"म्हैस मरते, नंदिनी. मुद्दलच जातं."

"मग तुमचं काय चाललंय? तुमीबी मरायचंच म्हणताय की. म्हशीला निदान नॉमिनी लागत न्हाय."

शेअर निवडताना मात्र त्या मनापासून बसायच्या. त्यांची कसोटी साधी होती: कंपनीचा माल गल्लीत कुणाच्या घरात दिसतो का. एकदा एका बिस्किटाच्या कंपनीचे ताळेबंद दत्तप्रसादांनी तीन रात्री वाचले. नंदिनीबाईंनी पुडा फोडला, बिस्कीट चहात बुडवलं, ते तुटून तळाला गेलं. "ह्यांचं काय खरं न्हाय," त्या म्हणाल्या, आणि विषय संपला. तो शेअर पुढं तिप्पट झाला. दत्तप्रसादांनी ही गोष्ट त्यांना कधी सांगितली नाही. त्यांच्या स्वभावात हे बसत नव्हतं, पण नाही सांगितली.

शेवटची खरेदी 'जोडीदार ठेव' ही. पेठेतल्या एका सहकारी बँकेनं काढलेली. नवरा-बायको दोघंही पंचावन्नच्या वर पाहिजेत. दोघांच्या नावावर ठेव ठेवली की नेहमीच्या आठ टक्क्यांवर अर्धा टक्का जास्त, व्याज दरमहा. पाच लाखांपुढं विमा नाही म्हणून दत्तप्रसादांनी चार लाख ऐंशी हजार ठेवले. महिना तीन हजार चारशे. दोघांतलं कुणी गेलं, की बँकेला कळवायचं. ठेव साध्या दरावर येणार.

"म्हणजे मी गेलो की तुला दोनशे रुपये कमी मिळतील," त्यांनी समजावून सांगितलं. "ते मी धरलेत."

"दोनशेच?" नंदिनीबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "तरी जास्तच लावलेत."

निवृत्तीनंतर सराव सुरू झाला. दर महिन्याचा पहिला रविवार, सकाळी अकरा ते बारा. या तासाभरात दत्तप्रसाद दिवाणावर उताणे पडून मेलेले असायचे. नंदिनीबाईंनी त्यांना काहीही न विचारता कपाटातली फाइल काढायची, यादीतल्या क्रमानं फोन लावायचे, बँकेच्या ॲपमध्ये शिरायचं, कुठला अर्ज कुठं जायचा ते सांगायचं. नियम दत्तप्रसादांनी स्वतः केलेले: मेलेल्या माणसानं बोलायचं नाही, आणि डोळे उघडायचे नाहीत.

"अवो, माझा चष्मा कुठाय?" पहिल्याच रविवारी नंदिनीबाईंनी विचारलं.

दत्तप्रसाद गप्प.

"मेलात म्हणून काय झालं? चष्म्याचं सांगायला काय जातंय?"

दत्तप्रसाद गप्प. मग स्वयंपाकघरातनं कुकर वाजला, आणि दिवाणावरनं बंद डोळ्यांनी आवाज आला, "पाचवी झाली. मटण आहे, बंद कर."

"मेलेल्यानं शिट्ट्या मोजू न्हाईत," म्हणत नंदिनीबाईंनी गॅस बंद केला. त्या दिवशी त्यांना पन्नासपैकी अकरा मार्क मिळाले.

दुसऱ्या का तिसऱ्या खेपेला शेजारच्या अंबूबाई विरजण मागायला आल्या. नंदिनीबाई ॲपचा पासवर्ड घालत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "आत्ता ते वारलेत. बाराला या." अंबूबाईंनी दारातून आत बघितलं आणि उंबऱ्यातच बसकण मारून जो गळा काढला, तो कोपऱ्यावरच्या सलूनपर्यंत ऐकू गेला. गल्ली जमली. एकजण अर्ध्या दाढीनिशी पळत आला. मेलेल्यानं बोलायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत हा नियम असल्यामुळे दत्तप्रसाद उठले नाहीत, आणि त्यामुळे गैरसमज वाढला. बाराचा गजर झाला तेव्हा ते उठून बसले आणि सगळ्यांना चहा विचारला. त्यानंतर अंबूबाईंनी विरजणाचं दुसरं घर बघितलं.

पण नंदिनीबाई तयार होत गेल्या. दीड वर्षात पंचेचाळीस मार्कांपर्यंत आल्या. साठावा वाढदिवस दत्तप्रसादांनी जरा ओशाळूनच साजरा केला. आठ वर्षं सांगून ठेवल्यावर माणूस वेळेवर जायला पाहिजे. त्यानंतरच्या रविवारी नंदिनीबाईंनी सगळं चाळीस मिनिटांत संपवलं. एकही चूक नाही. फाइल मिटल्याचा आवाज दत्तप्रसादांनी ऐकला.

वीस मिनिटं उरली होती.

दिवाणाची गादी पायाशी थोडी दबली. ती येऊन बसली असणार. मग बराच वेळ काहीच नाही. मग तिचा हात त्यांच्या छातीवर आला, स्टेंटच्या बाजूला, आणि थोडा वेळ तिथंच राहिला. मग निघून गेला. ती त्या वेळी कशी दिसत होती, त्यांच्याकडं बघत होती की खिडकीकडं, हे दत्तप्रसादांना माहीत नाही. त्यांनी डोळे उघडले नाहीत. नियम त्यांचाच होता. बाराचा गजर झाला तेव्हा ती स्वयंपाकघरात कांदा चिरत होती, त्यामुळे डोळ्यांवरूनही काही कळायला वाव राहिला नाही.

"पन्नासपैकी पन्नास," ते म्हणाले.

"झालं एकदाचं," ती म्हणाली. "आता मरा खुशाल."

एकोणीस दिवसांनी, दुपारी, कोथिंबीर निवडता निवडता ती एका अंगावर कलंडली. मेंदूत रक्तस्राव. दवाखान्याच्या दारात वॉर्डबॉयनं व्हीलचेअर आणली ती थेट दत्तप्रसादांच्या पायाशी. त्यांचा चेहरा बघून पेशंट तेच असावेत असं त्याला वाटलं, आणि गेली आठ वर्षं त्यांनाही तसंच वाटत होतं. दोन दिवस ती काचेच्या पलीकडं होती. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर बाहेर आले.

तक्त्यात या गोष्टीला ओळ नव्हती.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पैसे यायला लागले. सगळं ठरल्याप्रमाणं. मोबाइल टिंग करायचा आणि लाइटबिलाचे यायचे, टिंग करायचा आणि गॅसचे यायचे. आठ वर्षं एक एक करून निवडलेल्या गुंतवणुका, एकही चुकली नाही. एका विधवेला सुखानं राहायला जे जे लागेल, ते सगळं दत्तप्रसादांकडं होतं. गुडघ्यांचे पैसे आले तेव्हा मात्र ते मोबाइल हातात धरून बराच वेळ बसले. ते कशावर खर्च करायचे ते कळेना. त्यांचे गुडघे चांगले होते.

भैरवी जयसिंगपूरला शाळेत शिकवायची. दर रविवारी एसटीनं यायची, दोन डबे घेऊन. चौथ्या की पाचव्या रविवारी तिनं फ्रीज उघडला, मागल्या रविवारचे दोन्ही डबे तसेच बघितले, आणि टेबलावरचा तक्ता ओढून घेतला.

"हे सगळं मोडून एका जागी करा, बाबा. कशाला हव्यात अठरा ओळी?"

"प्रत्येकीचं काम ठरलेलं आहे."

"हे काय आहे?" तिचं बोट एका ओळीवर थांबलं. "'गणपतीपुळे, दोन रात्री, वर्षातून एकदा.' कधीपासून?"

"माझ्यानंतर. पुढच्या सालापासून धरलंय."

भैरवीचा आवाज वर्गात येतो तसा सपाट झाला. "आई तुम्हाला सांगत होती. मी दहावीत होते तेव्हापासून. समुद्रावर दोन रात्री राहू या म्हणून."

"मुद्दलाला हात लागला असता, भैरवी. मी तिला म्हटलं होतं, मी गेल्यावर जा. तरतूद आहे."

"एकटीनं?"

दत्तप्रसादांनी तक्त्याकडं बघितलं. तिथं 'दोन माणसं' असा रकाना नव्हता.

"तुम्ही आईला आठ वर्षं विधवा करून ठेवलंत, बाबा," भैरवी म्हणाली. "तुम्ही इथंच होता, त्या दिवाणावर, आणि तिला विधवा करून ठेवलंत." मग तिनं डबे धुतले, त्यांच्या पायांना हात लावला आणि साडेपाचची गाडी पकडली. पुढच्या रविवारी ती आली, पण त्या विषयावर पुन्हा बोलली नाही. बोलली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

उरली होती जोडीदार ठेव.

तिचे तीन हजार चारशे अजून येत होते, कारण दत्तप्रसादांनी बँकेला कळवलंच नव्हतं. ज्या माणसानं उभ्या नोकरीत फाउंड्रीच्या पेनानं घरचं पत्र लिहिलं नाही, तो दर महिन्याला बँकेचे दोनशे रुपये लबाडीनं घेत होता. बाकी सगळीकडं त्यांनी मृत्यूचा दाखला दिला होता, रेशनकार्डावरनंसुद्धा नाव काढलं होतं. तिथं ती असल्याचे पैसे कुणी देत नव्हतं. इथं मिळत होते. महिना दोनशे रुपये, नंदिनी असल्याचे. सगळ्या कोल्हापुरात एवढी एकच जागा उरली होती, जिथं ती आहे असं समजून कुणी काही देत होतं.

क्रांतीला हे माहीत होतं. क्रांती ही त्या बँकेची पिग्मी एजंट. रोज सकाळी स्कूटरवरून यायची आणि नंदिनीबाईंच्या पिग्मीचे पन्नास रुपये न्यायची. दत्तप्रसादांनी पन्नास रुपये देणं बंद केलं नव्हतं. क्रांती तीन महिने ते मुकाट्यानं घेत राहिली. चौथ्या महिन्यात तिनं स्कूटर बंद केली आणि वर आली.

"काका, मार्च आला. ऑडिट हाय."

"बरं."

"जोडीदार ठेवीला जोडीदार लागतोय, काका."

"मी आहे की."

"दोन लागत्यात." क्रांतीनं रुमालानं कपाळ पुसलं. "मी मातीला आलते काका. काकूंच्या पायावर डोकं ठेवलंय मी. उद्या मॅनेजर विचारणार, रोज त्या घरात जातीस आणि तुला कळलं न्हाई व्हय? माझी एजन्सी जाईल. दोन पोरी हायत मला."

दत्तप्रसादांनी खिशातनं पन्नासची नोट काढली होती, ती तशीच हातात राहिली. "पोरींच्या नावानं काही टाकतेस का?" त्यांनी विचारलं.

"काकूंनीच सुरू करून दिलीया एसआयपी. हजाराची. सगळं ॲपवर करून दिलं त्यांनी, एका बैठकीत." क्रांतीला एकदम रडू आलं. "मला म्हणाल्या, आमच्या ह्यांच्या मरणावर शिकले मी हे."

दत्तप्रसाद उठले, कपाटातली फाइल घेतली आणि क्रांतीबरोबर निघाले.

बँकेत काउंटरला ऋतुराज नावाचा एक नवा पोरगा होता, टाय घातलेला. दत्तप्रसादांनी फाइलमधनं अर्ज काढून पुढं सरकवला. ऋतुराजनं तो वाचला. मग दत्तप्रसादांकडं बघितलं. मग पुन्हा वाचला.

"काका, यात मयत कोण आहे?"

"का?"

"दत्तप्रसाद हुपरीकर लिहिलंय. ते आपले कोण?"

"मीच."

ऋतुराजनं टाय सैल केला. "आणि अर्जदार, नंदिनी हुपरीकर?"

"ती वारली."

फाइलमधले सगळेच अर्ज तसे होते. सरावासाठी दत्तप्रसादांनी ते आधीच भरून ठेवले होते: मयताच्या रकान्यात स्वतःचं नाव, ठसठशीत अक्षरात, आणि खाली जागोजागी नंदिनीबाईंच्या सह्या. बाकी कार्यालयांत नवे अर्ज मिळाले होते आणि भैरवीनं ते भरले होते. हा त्यांनी घरून तसाच आणला होता. क्रांतीनं वाकून बघितलं आणि तोंडाला पदर लावला. हसतेय की रडतेय ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"खाडाखोड चालेल का?" दत्तप्रसादांनी विचारलं.

"चालते. पण खाडाखोडीवर अर्जदाराची सही लागते," ऋतुराज म्हणाला, आणि मग अर्जदार कोण ते आठवून त्यानं घाईनं ड्रॉवरमधून कोरा अर्ज काढला.

कोऱ्या अर्जात पहिला रकाना मयताच्या नावाचा. दत्तप्रसादांनी पेन टेकवलं. स्वतःचं नाव त्यांनी या रकान्यात डझनभर वेळा लिहिलं होतं, एका दमात. आता रांगेत मागं चार माणसं उभी होती. एकजण म्हणाला, "पावणं, आवरा की." क्रांती मागं वळून म्हणाली, "तुमी गप बसा." तिनं पेनाकडं हात केला. दत्तप्रसादांनी मान हलवली आणि एक एक अक्षर काढत लिहिलं. नंदिनी. दत्तप्रसाद. हुपरीकर. आपलं नाव तिच्या नावाच्या मधोमध असतं, हे त्यांनी चौतीस वर्षांत कधी असं बघितलं नव्हतं.

पुढं, मयताशी नातं. चार चौकोन छापलेले: विधवा, मुलगा, मुलगी, इतर.

"नवऱ्याचा चौकोन नाही," दत्तप्रसाद म्हणाले.

ऋतुराजनं अर्ज फिरवून बघितला. "नाहीच की. सहसा..." तो थांबला. "सहसा काकूच येतात, काका."

"हो," दत्तप्रसाद म्हणाले. "मीही तसंच धरलं होतं." आणि त्यांनी 'इतर'वर खूण केली.

मग ऋतुराजनं कॉम्प्युटरवर आकडे घातले आणि त्याचा चेहरा खुलला. बातमी चांगली होती, आणि आज त्याला कुणाला तरी चांगली बातमी द्यायचीच होती. "काका, साध्या ठेवीवर आता तुम्हाला ज्येष्ठ नागरिक म्हणून पाव टक्का जास्त मिळतोय. जोडीदार ठेवीत तो नव्हता. म्हणजे दोनशे नाही, महिना शंभरच रुपयांचा फरक पडतोय!"

"शंभरच," दत्तप्रसाद म्हणाले.

"शंभरच. मुदत किती वर्षांची टाकू?"

दत्तप्रसादांना या प्रश्नाचं उत्तर गेली आठ वर्षं पाठ होतं. लाइटबिल किती वर्षं, गुडघे किती वर्षं, दूध दोन हजार पंचावन्नपर्यंत. पण ते सगळं तिचं होतं. एकसष्टाव्या वर्षी जिवंत असलेल्या, गुडघे चांगले असलेल्या, घरात एकट्या माणसाला किती वर्षं पुरवायचं, हे त्यांनी कुठंच धरलं नव्हतं. रांगेतल्या माणसानं घसा खाकरला.

"तुला काय वाटतं?" त्यांनी ऋतुराजला विचारलं.

ऋतुराज चोवीस वर्षांचा होता. त्यानं क्रांतीकडं बघितलं. क्रांतीनं जमिनीकडं बघितलं.

"वर्षाची टाकतो," तो हळू म्हणाला. "पुढं वाढवता येते, काका."

नवी पावती छापून आली. जुनीवर दोन नावं होती. तिच्यावर आडवा शिक्का बसला आणि ती बँकेच्या गठ्ठ्यात गेली. दत्तप्रसादांनी चष्मा लावून नवी पावती तपासली. नाव, रक्कम, दर, तारीख, अक्षरी रुपये. काउंटरवरच उभं राहून, रांगेला थांबवून, पुन्हा एकदा पहिल्यापासून तपासली. एखादी चूक निघाली असती, तर ती परत द्यायला कारण मिळालं असतं.

निघाली नाही.